बदामाच्या पानांचं पाणी

१२ नोव्हेंबर १९६१

हे आज काचेची पेटी घेऊन आले. भाऊच्या धक्क्यापासून आमच्या सारसोळ्यापर्यंत मचव्यात मांडीवर धरून बसले होते. लोखंडी पट्टीचे वळ उठलेत हातांवर. सोबत झाकणाला भोकं पाडलेला पत्र्याचा डबा, त्यात मासे. इवले इवले, बोटाच्या पेराएवढे. अंगावर निळी रेघ, शेपटाकडे लाल. दुकानदार झहूरभाई त्यांना निऑन म्हणतात.

गेल्या वर्षी गोजराला मुंबईच्या इस्पितळात ठेवलं होतं, त्या वॉर्डात अशी पेटी होती. पाय गेल्यापासून ती पहिल्यांदा हसली ती तिथं. ते माझ्या मनात बसलं. तेव्हापासून मी ह्यांच्या मागे लागले होते. गोदीतल्या नोकरीत रविवारची सकाळ ते सोमवारची पहाट एवढेच ते घरी असतात, त्यात माझा हा एकच धोशा.

सासूबाई मासळी विकून आल्या, रिकामी पाटी खाली ठेवून पेटीसमोर उकिडव्या बसल्या.

"रोहिदास, ह्ये खायाचं?"

"नाय आय. बघायचं."

"जलमभर मासली इकली मी. बघायची मासली कवा बघितली नाय."

पेटी गोजराच्या खाटेशेजारच्या खिडकीत ठेवली. ही खिडकी शाळेच्या अंगणावर उघडते. त्याच शाळेत मी शिकवत होते, पोर आजारी पडली तशी सोडली. सुट्टी झाली की पोरं गजांना लोंबकळून आत बघायची. लुळे पाय बघायला. मी खालची झडप लावून घ्यायचे, मग खोलीत दिवसाढवळ्या अंधार. आता उजेड आत येईल आणि बाहेरच्यांना मासे दिसतील, माझी पोर दिसणार नाही.

गोजरा संध्याकाळपर्यंत पेटीवरून नजर काढत नव्हती. आज बऱ्याच दिवसांनी मला झोप लागेल असं वाटतं.

१६ नोव्हेंबर

दोन मेले. सकाळी पाण्यावर पांढरी पोटं. मी गोजरा उठायच्या आत काढणार होते, पण ती जागीच होती.

"झोपलेत ना ते?" म्हणाली.

मी हो म्हटलं. तिनं पांघरूण तोंडावर ओढलं. तिला कळलं होतं, आणि मी खोटं बोलले हेही कळलं होतं. सात वर्षांची आहे. इतकं कळायला नको.

१९ नोव्हेंबर

आणखी मेले. ह्यांनी झहूरभाईंना विचारून आणलं. झहूरभाई उरणकडचे, क्रॉफर्ड मार्केटात त्यांचं माशांचं दुकान आहे. ते म्हणाले, तुमच्या गावचं पाणी खारपटीतलं, जड. साबणाला फेस येत नाही ना? मग ह्या माशांना ते पाणी म्हणजे विष. हे मासे फार लांबच्या नद्यांतले. तिथं जंगलातली पानं वर्षानुवर्षं पाण्यात पडून कुजतात, पाणी कोऱ्या चहासारखं काळपट असतं. त्यातच ते जगतात. तसा अर्क पूर्वी बाटलीतून परदेशाहून यायचा, आता येत नाही. घरी करायचा तर बदामाची पानं घ्या, झाडावर लाल होऊन आपोआप गळलेली. हिरवी नकोत. गोड्या पाण्यात उकळा, गाळा, थंड करा आणि थोडं थोडं पेटीत घाला.

हे सगळं सांगून झाल्यावर ह्यांनी दुसरा विषय काढला. इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई भेटल्या होत्या. त्यांच्याकडे अशा मुलांसाठी वेगळी इमारत झाली आहे. शस्त्रक्रिया करतात, पायाला लोखंडी पट्टे बांधून कुबड्यांवर चालायला शिकवतात, शाळाही तिथंच. वर्ष, दोन वर्षं ठेवावं लागतं. आईला राहता येत नाही.

"विचार तरी कर," हे म्हणाले.

मी म्हटलं, कुबड्यांवर चालवून काय दाखवायचंय लोकांना? पुन्हा हा विषय नको.

हे उठून बंदरावर जाऊन बसले. जेवायला बोलवायला सासूबाई गेल्या.

२२ नोव्हेंबर

गावात बदामाचं झाड एकच, शाळेच्या अंगणात. ज्या अंगणात दोन वर्षं पाऊल टाकलं नाही तिथं आज टोपली घेऊन गेले. शाळा सुटल्यावरच गेले. तरी वामन मास्तर वर्गाला कुलूप लावत होते. माझ्या जागी आलेले हेच. अलिबागकडचे, तरुण आहेत, आवाज मऊ.

"बाई, पानं हवीत? पोरांना सांगितलं असतं."

"नको, माझी मी वेचते."

ते उभे राहिले. मग म्हणाले, "गोजराला आणा ना शाळेत. मी उचलून आणीन. खुर्चीत बसवू."

"पोरं बघत बसतील तिला."

"चार दिवस बघतील. मग कंटाळतील."

मी पानं वेचत राहिले. चांगला माणूस आहे, पण त्याला मूल नाही.

२४ नोव्हेंबर

नेरूळच्या डोंगराकडच्या विहिरीचं पाणी गोडं. तिथून दोन हंडे आणले. पानं धुतली, मोठ्या पितळी पातेल्यात उकळायला ठेवली. घरभर ओल्या लाकडासारखा वास सुटला. पाणी आधी पिवळं, मग तांबूस, मग अगदी शाईसारखं झालं. जुन्या लुगड्याच्या पदरातून दोनदा गाळलं. पातेल्याच्या कडेला हिरवट थर धरला होता, तो घासून काढला. रात्रभर थंड होऊ देते. उद्या घालते.

गोजराला दाखवलं. तिनं वास घेऊन नाक मुरडलं.

"हे त्यांच्यात घालणार?"

"त्यांच्या गावचं पाणी असंच असतं. त्यांना घरी आल्यासारखं वाटेल."

"मग त्यांना त्यांच्या गावाला का नाय सोडत?"

पोरांना सगळंच सोपं वाटतं.

२५ नोव्हेंबर

सगळे मेले. दुपारपर्यंत एकही उरला नाही. पाणी घातल्यावर ते वेड्यासारखे काचेवर आपटायला लागले, मग एकेक आडवा झाला. मी वाटीनं पाणी उपसत होते, साधं घालत होते. काही उपयोग झाला नाही.

गोजरा रडली नाही. मीच रडले. ती म्हणाली, "आई, पेटी तिथंच राहू दे हं. नुसतं पाणी असलं तरी चालंल."

इतका लळा लागला होता पोरीला. रिकामी पेटीसुद्धा हलवू देत नाही.

३ डिसेंबर

हे परत झहूरभाईंकडे जाऊन आले. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, कशात उकळलं? पितळेत, म्हटल्यावर कपाळाला हात लावला म्हणे. कलई गेलेल्या पितळेत पानांचं पाणी उकळलं की धातू उतरतो. माणसाला उलटी होईल, मासा मरेल. पानांचा दोष नाही.

त्या पातेल्याची कलई दिवाळीच्या आधीच उडाली होती. मला दिसत होतं. कडेचा हिरवा थर मी माझ्या हातानं घासून काढला.

मी शिकलेली. मला कसं सुचलं नाही? आणि दोन वर्षांपूर्वी त्या पावसात गोजराला ताप भरला तेव्हाही मी म्हटलं होतं, पावसाचा ताप आहे, दोन दिवसांत उतरेल. तेव्हाही मीच शिकलेली होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, आदल्या दिवशी आणली असती तरी काही झालं नसतं, हा आजारच तसा. त्यांना तसं म्हणावंच लागतं.

ह्यांनी नवे मासे आणलेत. मी म्हटलं, आता नको होते. हे म्हणाले, "आणले ते तिच्यासाठी नाय, तुझ्यासाठी." मला त्याचा अर्थ लागला नाही. थकलेले होते.

९ डिसेंबर

मातीच्या मडक्यात केलं. उकळलं नाही, कोमट पाण्यात पानं भिजत घातली आणि मडकं मंद आचेवर ठेवलं. गाळून औषधांच्या रिकाम्या बाटल्यांत भरलं. औषधांच्या बाटल्यांना ह्या घरात तोटा नाही.

एक पळीभर घातलं आणि बसून राहिले. मासे हलले नाहीत, घाबरले नाहीत. संध्याकाळी आणखी एक पळी. जगले.

२८ डिसेंबर

लिहायला फुरसत झाली नाही. पाणी आणणं, पानं वेचणं, गाळणं, त्यातच दिवस जातो आणि ते बरं आहे. पेटीतलं पाणी आता मधासारखं झालंय. त्यात निळी रेघ अशी पेटते की दिवा लावल्यासारखं वाटतं. शेजारच्या बायका बघून जातात. मी त्यांना ओटीवरूनच दाखवते, आत घेत नाही.

वामन मास्तरांनी पोरांना सांगितलं असावं. रोज सुट्टीत कुणी ना कुणी लाल पानं घेऊन दारात येतं. मी दारातच घेते आणि पाठवून देते. आज त्यातली एक पोर मान वाकडी करून आत बघायला लागली.

"गोजरा हाय का?"

"निजलीय," मी म्हटलं.

आतून गोजराची हाक आली, "नाय निजले."

मी दार लोटून घेतलं. नंतर तिला म्हटलं, असं ओरडू नये.

१४ जानेवारी १९६२

संक्रांत. सासूबाईंनी गोजराला काळ्या परकराचं कापड आणलं. हे घरी होते. सगळे एकत्र जेवलो. एवढा बरा दिवस आम्हाला मिळतो हेच नवल.

झहूरभाईंनी सांगितलंय, पाणी आणखी गडद झालं तरी चालेल, ह्या माशांना अंधार मानवतो. मी आता रोज दोन पळ्या घालते. तळाला अख्खी पानंही टाकून ठेवलीत.

गोजरा म्हणाली, "आई, आता पुरे ना काळं."

"का गं? मासे किती छान दिसतात."

"मासे दिसतात," ती म्हणाली.

"मग?"

तिळाचा लाडू हातात तसाच धरून बसली. मी म्हटलं, त्यांना जगवायचंय ना आपल्याला? तिनं मान हलवली.

२३ जानेवारी

गोजराचं काहीतरी बिघडलंय. जेवत नाही. पूर्वी सकाळी उठल्याबरोबर पेटीकडे तोंड करून पडायची, दुपारच्या सुट्टीची घंटा झाली की जेवणही तिकडे बघतच करायची. आता भिंतीकडे तोंड. मी पेटीतल्या पानांची जागा बदलून पाहिली, मासे तिच्या बाजूला यावेत म्हणून एक पान त्या कडेला अडकवलं. बघत नाही.

ताप नाही. मी दिवसातून कितीदा तरी हात लावून बघते. पायही दाबून बघते. तिचे पाय माझ्या हाताला थंड लागतात, पावसात राहिलेल्या लाकडासारखे. मनात येतं की आता हात गेले तर, मान गेली तर. हे कुणाला बोलता येत नाही.

सासूबाई म्हणाल्या, "पोरीला जरा भाईर ने. बंदरावं ने. मी कडेवर घेतंय."

"लोक बघतात, आय."

"लोकांना डोलं हायत, ते बगनारच. तुजी पोर काय चोरीची हाय?"

त्यांना बाजारात दिवसभर लोकांत बसायची सवय आहे. मला नाही होत.

४ फेब्रुवारी

कालपासून अष्टग्रही. आठ ग्रह एका राशीत आलेत, जग बुडणार म्हणतात. मचवे बंदराला बांधून ठेवलेत, कुणी खाडीत जायला तयार नाही. देवळात रात्रंदिवस भजन चाललंय. हे कालच येऊन पोचले, म्हणाले, मुंबईतसुद्धा दुकानं बंद आहेत.

मी खरं लिहिते. मला भीती वाटली नाही. मनात आलं, होऊ दे. आम्ही चौघं एका खोलीत आहोत, बाहेरचं कुणी नाही, उद्याचं काही नाही. गोजरा मोठी झाली की तिचं कोण करील हा विचार नाही. मी आणि हे म्हातारे झालो की कोण उचलील तिला, हा नाही. एका फटक्यात सगळं संपेल आणि कुणीच कुणाला मागे ठेवून जाणार नाही. मला बरं वाटलं. हे वाचून कुणी मला वेडी म्हणेल.

गोजरानं विचारलं, "जग बुडलं की शाळेतली पोरं पण बुडतील?"

"सगळेच."

"दामू पण? आणि ती काशी, जिची वेणी नेहमी सुटते? आणि तो धर्माचा भाऊ, जो लंगडीत पडतो, तो पण?"

हिला ह्या पोरांची नावं कुठून ठाऊक? वेणी सुटते हे कुठून ठाऊक? सासूबाई सांगत असाव्यात. मी म्हटलं, काही बुडत नाही, निज आता.

६ फेब्रुवारी

काही झालं नाही. सकाळी मचवे गेले. हेही गेले. माणसं एकमेकांकडे बघून हसत होती. मी पाणी आणायला नेरूळला गेले आणि वाटेत हंडा खाली ठेवून बसले. उठावंसं वाटेना. ऊन चढलं तेव्हा उठले.

१५ फेब्रुवारी

मासे उत्तम आहेत. त्यातली एक मादी पोटात अंडी धरून आहे असं वाटतं. झहूरभाईंना कळवलं तर ते म्हणाले, गावात आणि तेही विजेशिवाय कुणी हे मासे एवढे जगवले नाहीत, बाईंना माझा सलाम सांगा.

गोजरा तशीच. आठ दिवसांत माझ्याशी फार तर दहा शब्द बोलली असेल.

पेटी आता इतकी गडद आहे की त्यापलीकडचं काहीच दिसत नाही. नुसती निळी रेघ फिरते.

२१ फेब्रुवारी

काय लिहू.

दुपारी पाण्याला गेले होते. सासूबाई बाजारात. येऊन दार उघडलं तर जमीन ओली, काळं पाणी उंबऱ्यापर्यंत आलेलं. खाट रिकामी. गोजरा खिडकीखाली होती. एका हातानं गज धरला होता, सगळं अंग त्या हातावर उचललेलं, आणि दुसऱ्या हातातल्या पेल्यानं पेटीतलं पाणी उपसून खाली ओतत होती. पेटी अर्ध्यावर आली होती. मासे जमिनीवर. काही अजून उडत होते.

मी हंडा टाकला आणि तिला मारलं. पाठीत आणि तोंडावर. पाय गेल्यापासून मी तिला बोटसुद्धा लावलं नव्हतं. गज सुटला, ती खाली पडली. मी तिला उचलायच्या आधी मासे उचलायला लागले. हे मी लिहून ठेवते आहे. आधी मासे उचलायला लागले.

तीन वाचले, ते मडक्यात टाकले. मग तिच्याकडे वळले. ओठ फुटला होता.

"का केलंस? का केलंस असं?"

"सुट्टी झालेली," ती म्हणाली. "मला बघायचं होतं."

"काय बघायचं होतं?"

"शाळा."

बाहेर पोरं लंगडी खेळत होती. मी आज ऐकलं की ती ओरडताहेत. रोजच ओरडत असणार.

"आधी पानी पांढरं होतं तवा सगळं दिसायचं," ती म्हणाली. "तू रोज काळं करत होतीस."

२२ फेब्रुवारी

काल सासूबाई आल्या तेव्हा मी जमीन पुसत होते. सगळं सांगितलं. मारलं तेही सांगितलं. त्यांनी गोजराला मांडीवर घेतलं, ओठाला हळद लावली. मग खाटेकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं.

"खाटंवरनं खाली कशी आली?"

मी म्हटलं, पडली असेल.

"आनि हितपरत? आनि उभी कशी ऱ्हायली?"

मी पुसणं थांबवलं.

"हातावर उटली पोर," सासूबाई म्हणाल्या. "येका हातावर सगला भार घेतला. तुला मासं दिसलं, ह्ये नाय दिसलं?"

डॉक्टरीणबाई वर्षापूर्वी म्हणाल्या होत्या, हातात जोर आला तर कुबड्यांवर नक्की चालेल, हात वापरू द्या तिला. मी तिला तोंड धुवायला तांब्यासुद्धा उचलू दिला नाही. दमेल म्हणून.

रात्री गोजरा झोपल्यावर तिचे दंड चाचपले. घट्ट आहेत. मी नसताना ही रोज काहीतरी करत असणार. कधीपासून, ते विचारायची मला हिंमत नाही.

२५ फेब्रुवारी

हे आले. मी म्हटलं, त्या इमारतीत नाव घाला तिचं.

ह्यांनी माझ्याकडे बघितलं, मग खिडकीकडे. खिडकी उघडी होती, पेटी खाली भिंतीला लावलेली. उरलेले मासे गुरुवारीच मेले होते, नव्या अर्कासाठी माझे हात उठले नाहीत.

"नक्की?" हे म्हणाले.

"मला दोनदा विचारू नका. मग मी नाही म्हणेन."

११ मार्च

जागा मिळाली. वामन मास्तरांना सांगायला शाळेत गेले, भर शाळेच्या वेळी. पोरं बघत राहिली. मास्तरांनी विचारलं, जायच्या आधी एक दिवस आणाल का तिला वर्गात? मी हो म्हटलं.

ह्यांनी सोमवारची रजा काढलीय. तेच उचलून नेतील.

१२ मार्च

नेलं. मी दारात उभी राहिले. पोरांनी तिच्याभोवती घोळका केला, पायांना हात लावून बघितलं, एकीनं चिमटा काढून विचारलं, दुखतं का? गोजरा म्हणाली, नाय. मग दुसऱ्यानं काढला. मला धावत जाऊन सगळ्यांना ढकलावंसं वाटलं. ह्यांनी माझा दंड धरून ठेवला.

थोड्या वेळानं पोरं कंटाळली. गणितं सुरू झाली. काशी तिच्या शेजारी बसली होती, वेणी खरंच सुटलेली. गोजरानं ती बांधून दिली.

दोन वर्षं. दोन वर्षं हे सगळं वीस पावलांवर होतं.

२५ मार्च

आज तिला पोचवली. शिमगा संपून मचवे पुन्हा लागले होते. रिकामी पेटी झहूरभाईंना परत द्यायची म्हणून तीही बरोबर घेतली. मी म्हटलं होतं की गोजराला मांडीवर घेऊन बसेन. ती म्हणाली, मला पुढं बसायचंय. ह्यांनी तिला पुढच्या टोकाला नाळेपाशी बसवलं, दोरीनं कमरेला बांधलं. सगळा प्रवास मला तिची पाठ दिसत होती. ती एकदाही वळली नाही. मुंबईच्या इमारती दिसायला लागल्या तेव्हा ह्यांना बोटानं दाखवत होती.

इमारतीत सोडताना मी रडणार नाही असं ठरवलं होतं. गरज पडली नाही. परिचारिकेनं तिला चाकाच्या खुर्चीत घातलं तशी तिनं चाक स्वतःच्या हातानं फिरवून बघितलं आणि तिथल्या एका मुलाला नाव विचारायला लागली. मी पायऱ्यांवर उभी राहिले. मग हे म्हणाले, भरती चुकेल.

आता घरात मी आणि सासूबाई. त्या लवकर निजतात. खिडकी उघडी आहे. उजेड खूप येतो. मला त्याचं काय करावं कळत नाही.

८ एप्रिल

महिन्यातून एकदा भेट, पहिल्या रविवारी. गेल्या रविवारी गेले तर शस्त्रक्रियेची तयारी म्हणून भेटू दिलं नाही. काचेच्या दारातून हात हलवला. तिनं पाहिलं की नाही कळलं नाही.

दिवसभर हातांना काम नाही. सासूबाई म्हणाल्या, माझ्यासोबत बाजारात चल. गेले. पाटीजवळ बसले. बायका विचारतात, पोर कशी हाय? मी सांगते, इस्पितळात आहे. पूर्वी हा प्रश्न आला की मी उठून जायचे. आता उठून जायला जागा नाही.

६ मे

आज भेटले.

कमरेपासून खाली प्लास्टर. दोन्ही पाय लाकडी आडव्या काठीनं फाकवून बांधलेले. तोंड एवढंसं झालंय. केस बारीक कापलेत, उवा होतात म्हणून. मी ओळखलं नाही, पुढच्या खाटेकडे गेले. मागून हाक आली.

मी जवळ बसले तशी तिनं माझा हात दोन्ही हातांनी धरला. तिच्या हातांची पकड इतकी घट्ट आहे की माझी बोटं दुखली.

"आई, मला घरी ने."

मी म्हटलं, बरं होईपर्यंत राहायचं ना.

"नको. लई दुखतं. रात्री पन दुखतं. मला काय नको, शाळा पन नको. खिडकी लाव तू. पेटी ठेव, पानी काळं कर. मी काय नाय बोलनार. मला घरी ने."

दोन वर्षं मी हेच तर मागत होते देवाजवळ. की तिला बाहेरचं काही नको व्हावं, घर पुरावं, मी पुरावी.

डॉक्टरीणबाई लांब उभ्या होत्या. ह्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, खाली बघत होते. मी हो म्हटलं असतं तर त्यांनी तिला उचललं असतं. मला माहीत आहे. त्यांच्याच्यानंही बघवत नव्हतं.

मी म्हटलं, "नाही."

तिला वाटलं ऐकू आलं नाही. पुन्हा म्हणाली, घरी ने.

"नाही, गोजरा."

तिनं माझा हात सोडला. मग ओरडायला लागली. आई, आई, असं. शेजारच्या खाटांवरची पोरं उठून बघायला लागली. घंटा झाली. परिचारिका म्हणाली, आता निघा, तुम्ही असेपर्यंत ती गप्प होणार नाही. मी उठले. दारापर्यंत गेले. जिन्यात ऐकू येत होतं, खालच्या मजल्यावरही येत होतं, रस्त्यावर आलो तरी मला येत होतं. ह्यांना विचारलं, तुम्हाला येतंय का? ते म्हणाले, नाही.

मचव्यात एक ओळखीची बाई शेजारी बसली. विचारलं, पोर कशी हाय?

मी म्हटलं, ओरडते. आवाज मोठा झालाय तिचा.